यंत्रसंहितेचे वाचन

कंपायलरने मूळ आज्ञावलीचे यंत्रसंहितेत रूपांतर केले, की मागे उरते ती बाइटांची एक लांबलचक ओळ. ती मानवी वाचनासाठी लिहिलेली नसते. तथापि ती निराकारही नसते. लिनक्सवर रूढ असलेल्या ‘एल्फ’ आराखड्याची फाईल पहिल्या चार बाइटांतच आपली ओळख सांगते : १२७ ही संख्या आणि तिच्यामागून ई, एल, एफ ही रोमन अक्षरे. पाचवा बाइट आराखडा ३२ बिटांचा की ६४ बिटांचा हे दर्शवितो. सहावा, संख्येतील बाइटांचा क्रम. हा क्रम चुकला तर पुढील संख्यांचे वाचन निरर्थक होय.

एली बेंडर्स्की यांची, केवळ पायथन भाषेत लिहिलेली ‘पायएल्फटूल्स’ ही लायब्ररी हे कष्ट वाचविते. तिच्याकडून शीर्षक, विभाग व चिन्हसूची एकेक करून मागता येतात, आणि त्यासाठी फाईल चालवावी लागत नाही. ही गोष्ट लहान नव्हे. प्रोग्रॅम कोणत्या सामायिक लायब्रऱ्यांवर अवलंबून आहे हे सांगणारी ‘एलडीडी’ ही आज्ञा काही परिस्थितीत तो प्रोग्रॅमच चालवू शकते. म्हणून संशयास्पद फाईलीवर ती वापरू नये, असा इशारा तिच्या माहितीपृष्ठातच दिलेला आहे.

भाषाभ्यासकास विशेष रस वाटावा असा भाग नावांचा. चिन्हसूचीत नाव लिहिलेलेच नसते. नामकोशात ते कोठून सुरू होते एवढा आकडा असतो, आणि शून्य बाइट आला की नाव संपले. त्यामुळे कोशात ‘एफप्रिंटएफ’ असेल तर ‘प्रिंटएफ’ निराळे लिहिण्याचे कारण नाही. लिंकर पहिल्याच नावाच्या दुसऱ्या अक्षराकडे बोट दाखवू शकतो. सी प्लस प्लस भाषेत तर नावाला चक्क प्रत्यय लागतात. दोन पूर्णांक घेणाऱ्या ‘ॲड’ या फलनाच्या लिनक्सवरील सांकेतिक नावात प्रथम ३ ही अक्षरसंख्या, मग नाव, आणि शेवटी प्रत्येक पूर्णांकासाठी एकेक ‘आय’ येतो.

खरी कसोटी लागते ती नावे नसताना. ‘स्ट्रिप’ ही आज्ञा ‘सिमटॅब’ विभाग काढून टाकते. त्याची विचारणा केल्यास लायब्ररी ‘नन’ असे उत्तर देते, आणि ते न तपासणारी आज्ञावली तेथेच कोसळते. याहून गंभीर बाब अशी की, प्रोग्रॅम स्मृतीत चढविताना लिनक्सचा गाभा विभागसारणी पाहतच नाही. त्याला खंडांची सारणी पुरते. सबब विभागसारणी पुसलेली, किंबहुना मुद्दाम खोटी भरलेली, फाईलही निर्वेध चालते. फसतो तो विभागांवर विसंबलेला वाचक. अशा वेळी खंडसारणीतील ‘डायनॅमिक’ खंडातून चिन्हसूची शोधावी. तेथे सूचीचा पत्ता मिळतो, लांबी मिळत नाही; ती हॅश सारणीवरून काढावी लागते, आणि पायएल्फटूल्समध्ये त्याची सोय आहे. स्थिर जोडणीच्या फाईलीत बहुधा हाही मार्ग नसतो. तेथे उरतात त्या नुसत्या यंत्राज्ञा, आणि त्यांचा उलगडा करणे हे या लायब्ररीचे काम नव्हे.