एलायझाचे वंशज : विक्रीच्या संभाषणातील वक्ता

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली एक संभाषणक्षम संगणक-प्रणाली विद्वानांपुढे मांडली आणि तिला ‘एलायझा’ हे नाव दिले. बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’मधील नायिकेचे हे नाव होय. पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’ या १९७५ मधील रूपांतरामुळे मराठी प्रेक्षक तिला मंजुळा म्हणून ओळखतो. शिकविलेली भाषा सफाईने बोलणारी, हा नामकरणामागील अभिप्राय उघड आहे. मात्र ही नायिका मुळात रस्त्यावर फुले विकणारी मुलगी आहे, हा तपशील तेव्हा गौण होता. आज तो तसा राहिलेला नाही. एलायझाच्या वंशातील संभाषणयंत्रे, ज्यांना व्यवहारात चॅटबॉट म्हणतात, आता बँका, विमानसेवा व दुकाने यांच्या वतीने ग्राहकाशी बोलू लागली आहेत. या संभाषणात वक्ता कोण, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे. साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही.

एलायझाची कार्यपद्धती साधी होती. समोरच्याने लिहिलेल्या वाक्यातील ठरावीक शब्द हेरून व सर्वनामे बदलून ती तेच वाक्य बहुधा प्रश्नरूपाने परत करीत असे. तरीही माणसे तिच्यापाशी मन मोकळे करू लागली. या अनुभवाने वायझेनबाउम अस्वस्थ झाले आणि ‘कंप्यूटर पॉवर अँड ह्यूमन रीझन’ (१९७६) या ग्रंथात त्यांनी यंत्राच्या मर्यादांचा विचार केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आल्यानंतर व्यापारात शिरलेली यंत्रे याहून भिन्न आहेत. अफाट लिखित सामग्रीच्या आधारे, कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचे गणित ती मांडतात व त्यातून नवे वाक्य जुळवितात. वाक्य सुघटित असणे व ते खरे असणे, यांचा मेळ या पद्धतीत आपोआप पडत नाही.

विक्रीच्या दृष्टीने या यंत्रांनी घडविलेला बदल मूलगामी आहे. वृत्तपत्रातील अथवा भिंतीवरील जाहिरात अनेकांना उद्देशून असे. ती सर्वांना सारखीच दिसे, आणि म्हणूनच तिच्यावर चारचौघांत आक्षेप घेता येई. यंत्राचे संभाषण एकाशीच चालते. ग्राहकाची पूर्वीची खरेदी, त्याची विचारणा, क्वचित त्याची अडचणही लक्षात घेऊन ते प्रत्येकाशी निराळे बोलू शकते. शेजाऱ्याला काय सांगितले गेले हे आपल्याला कळत नाही. जाहिरातीचे हे खासगीकरण, माझ्या मते, या यंत्रांचा सर्वांत दूरगामी सामाजिक परिणाम होय.

एअर कॅनडा या विमानसेवेचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तिच्या संकेतस्थळावरील संभाषणयंत्राने २०२२ मध्ये, कुटुंबातील मृत्यूमुळे प्रवास करणाऱ्या एका ग्राहकाला असे सांगितले की, शोकप्रसंगीची भाडेसवलत तिकीट काढल्यापासून ९० दिवसांच्या आत मागता येईल. प्रवासानंतर अशी सवलत मागता येत नाही, हा कंपनीचा प्रत्यक्ष नियम होता. तंटा कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणापुढे गेला. यंत्राने दिलेल्या माहितीस आपण जबाबदार नाही, अशी कंपनीची भूमिका होती. म्हणजे यंत्र ही जणू स्वतःच्या कृत्यांस स्वतः उत्तरदायी अशी निराळी व्यक्तीच ठरत होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने ही भूमिका अमान्य केली व ग्राहकाला सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर देण्याचा आदेश दिला. रक्कम अल्प आहे. प्रश्न मात्र लहान नाही.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार झालेला आहे. न्यायदर्शनाने शब्दाला प्रमाण मानले ते आप्ताचा उपदेश म्हणून. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार आप्त तो, ज्याला विषयाचे साक्षात ज्ञान आहे आणि जे जसे जाणले तसे सांगण्याची ज्याला इच्छा आहे. संभाषणयंत्राच्या ठायी यांपैकी एकही अट पूर्ण होत नाही. परंतु त्याच्या वाक्याची घडण मात्र आप्ताच्या वाक्याची असते.

मराठीत ही विसंगती अधिक ठळकपणे जाणवते. इंग्रजीतील प्रथमपुरुषी वाक्य बोलणाऱ्याचे लिंग सांगत नाही. मराठी यंत्राला मात्र ‘मी सांगतो’ किंवा ‘मी सांगते’ यांतून निवड करावी लागते. ‘मी कळवीन’ अशा भविष्यकाळी रूपाचा आडोसा नेहमीच मिळतो असे नाही. ग्राहकाला ‘तू’, ‘तुम्ही’ की ‘आपण’ म्हणावयाचे, हेही ठरवावेच लागते. बाजारातला विक्रेताही ‘ताई’, ‘मावशी’ म्हणून नाते जोडतो; ते नाते औपचारिक आहे हे दोघांनाही ठाऊक असते. परंतु माल खराब निघाला तर दुसऱ्या दिवशी त्याच ठेल्यापाशी जाऊन त्याला जाब विचारता येतो. यंत्राच्या ‘ताई’मागे असा ठेला नाही.

कायद्याने या दिशेने काही पावले टाकली आहेत. विक्रीच्या हेतूने यंत्राचे यंत्रपण लपवून ग्राहकाची दिशाभूल करण्यास कॅलिफोर्निया राज्याने जुलै २०१९ पासून मनाई केली. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न्स’संबंधी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत १३ फसव्या प्रथांचा उल्लेख असून खोटी निकड निर्माण करणे ही त्यांपैकी एक आहे. ही निकड पडद्यावरील घड्याळाने दाखविली काय किंवा आर्जवी मराठी वाक्याने निर्माण केली काय, फसवणूक तीच. मात्र वाक्यातील आर्जव ओळखण्यासाठी त्या भाषेचा जाणकार लागतो. भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी येथे आपला वाटा उचलावयास हवा.

शॉच्या नाटकात एलायझा अखेरीस आपल्या शिक्षकासमोर उभी राहते व स्वतःच्या वतीने बोलते. तेथे शिकविलेली भाषा तिची स्वतःची होते. तिचे नाव घेऊन जन्मलेल्या यंत्रांच्या बाबतीत ही घटना घडलेली नाही. त्यांना शिकविणारे व विक्रीला बसविणारे यांच्यावरच त्यांच्या प्रत्येक वाक्याचे उत्तरदायित्व राहते, आणि ते त्यांच्याकडे मागत राहणे हा ग्राहकाचा हक्क होय.