खाल्लं तरच विष

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातल्या रिव्हेरिना भागात भात पेरायला विमान येतं. ऑक्टोबरच्या सुमारास पाण्याने भरलेल्या खाचरांवर मोड आलेलं बी आकाशातून पडतं, तळाशी बसतं आणि मूळ धरू लागतं. नव्याने भरलेल्या अशाच पाण्याच्या शोधात आणखी कुणीतरी असतं: किरोनोमस टेपेरी, दिसायला डासासारखी पण न चावणारी माशी. तिच्या अळ्या लालभडक असतात, आणि तो रंग चक्क हिमोग्लोबिनचा! कीटकांत हे फार विरळा. त्याच्या बळावर प्राणवायू जेमतेम असलेल्या चिखलातही त्या राहतात आणि भाताची कोवळी मुळं कुरतडतात. मुळं गेलेलं रोप पाण्यावर तरंगू लागतं.

आपल्या कोकणात वाढलेल्या रोपांची लावणी होते, त्यामुळे हा नाजूक काळ बराचसा टळतो. आपल्याकडची भातावरची कीड, गादमाशी, निराळी. तिची अळी पाण्यात राहत नाही, रोपाच्या पोंग्यात शिरते.

या लाल अळीवर क्लोरपायरिफॉससारखी रासायनिक औषधं वापरली गेली. मज्जातंतूचा संदेश पोचला की तो पुसून टाकणारं एक विकर असतं, तेच हे औषध बंद पाडतं. संदेश थांबतच नाही आणि अळी मरते. पण हे विकर चतुराच्या पिल्लांत, पाणभुंग्यांत, माशांत आणि माणसातही आहे. अळ्या खाणारे शिकारीच मेले, तर पुन्हा अंडी घालायला आलेल्या माशीला रान मोकळं मिळतं.

१९७६ साली इस्राएलच्या नेगेव वाळवंटातल्या एका डबक्यात डासांच्या मेलेल्या अळ्या सापडल्या. योएल मार्गालित आणि लेनर्ड गोल्डबर्ग यांच्या या शोधातून एक जिवाणू हाती लागला: बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस, म्हणजेच बीटीआय. तो बीजाणू बनवताना प्रथिनांचा एक स्फटिक तयार करतो. हा स्फटिक नुसता अंगाला लागून अळीला काही होत नाही. तो गिळला गेला, की तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात विरघळतो. मग तिचीच पाचक विकरं त्याचे तुकडे करतात, आणि ते तुकडे आतड्याच्या पेशींना भोकं पाडतात. विष पुरं करायचं काम अळी स्वतःच करते! आपलं जठर आम्लधर्मी, आणि त्या तुकड्यांना चिकटायला लागणाऱ्या जागाही आपल्या पेशींवर नाहीत.

शेतात मात्र या नजाकतीची किंमत मोजावी लागते. डासांना पुरणारी मात्रा या माशीच्या अळ्यांना पुरत नाही, आणि वाढलेल्या अळ्या तर आणखी चिवट. स्फटिक गाळाला चिकटतो, त्याचा जोर थोड्याच दिवसांत ओसरतो. म्हणून तो अळ्या लहान असतानाच, वेळ साधून द्यावा लागतो. क्लोरपायरिफॉसला अळीने खाण्याची वाट पाहावी लागत नाही.

आणि जैविक म्हणजे निर्धोक, असंही समजू नये. फ्रान्समधल्या कामार्गच्या पाणथळीत डासांसाठी बीटीआय फवारलं, तेव्हा न चावणाऱ्या माश्याही घटल्या आणि त्यांवर जगणाऱ्या हाऊस मार्टिन पक्ष्यांची पिल्लं कमी झाली. जी माशी खाचरात कीड, तीच पाणथळीत घास.

तरीही भातखाचरापुरतं माझं मत बीटीआयच्या बाजूचं आहे, कारण ते अळीच्या शिकाऱ्यांना जिवंत ठेवतं. शिवाय औषधाची गरजच कमी करणारी वाटही आहे: कोरड्या जमिनीत यंत्राने पेरलेल्या आणि रोपं रुजल्यावर पाणी भरलेल्या भाताला या अळीचा त्रास फारसा होत नाही.