साक्षीदाराला विचारा

आमचा विषय ऐकून काही मंडळींनी भुवया उंचावल्या असतील. जन्मभर कामगारांच्या मागण्यांचे कागद घेऊन फिरणाऱ्याने खेळावर काय बोलावे, आणि तेही फोनवरच्या खेळावर? पण हा खेळ गोळ्या झाडण्याचा किंवा पत्ते कुटण्याचा नव्हे. तो प्रश्न विचारण्याचा आहे, आणि प्रश्न विचारणे हा तर आमचा धंदाच.

त्याचे स्वरूप असे. पाचसहा माणसे ठरलेल्या वेळी आपापल्या घरी फोन किंवा संगणक उघडून बसतात. कुणी शहागडला, कुणी पुण्याला, कुणी दुबईला. पडद्यावर सर्वांना सर्वांचे चेहरे दिसतात. खेळ चालविणारा एक प्रकरण सांगतो: अमुक बंगल्याचा मालक मेला, तिजोरी उघडी सापडली. मग एखादे पत्र, हिशेबाचे पान, छायाचित्र पुढे येते. त्यानंतर एकेक संशयित पडद्यावर येतो. हा संशयित म्हणजे यंत्राची बाहुली नव्हे. तो दुसऱ्या कुठल्यातरी घरात बसलेला हाडामांसाचा नट असतो. त्याला तुम्ही वाटेल ते विचारावे आणि त्याने तिथल्या तिथे उत्तर द्यावे. तासदीड तासाने खेळाडूंनी आपसांत खल करून गुन्हेगाराचे नाव सांगायचे. मग खरे काय घडले ते उघड होते.

कल्पना आजची नाही. १९३५ साली न्यूयॉर्कला आयन रँड या लेखिकेचे खुनाच्या खटल्यावरचे नाटक लागले. त्यात प्रेक्षकांतलीच माणसे पंच म्हणून बसवीत आणि त्यांच्या निकालाप्रमाणे शेवट बदले. डिकन्स १८७० साली एक रहस्यकथा अर्धी टाकून वारला. तिच्यावरून १९८५ साली आलेल्या संगीत नाटकात खुनी कोण हे प्रेक्षकांच्या मताने ठरे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने नाट्यगृहांना कुलपे लागली, तेव्हा ठिकठिकाणच्या नटांनी असले खेळ पडद्यावर आणले. मराठीत त्याच वर्षी जुलैत हृषीकेश जोशी यांनी ‘मोगरा’ हे नाटक या वाटेने केले. नट्या आपापल्या घरी, प्रेक्षक आपापल्या घरी, आणि प्रयोग त्याच घटकेला चाललेला. ‘नेटक’ हे त्या प्रकाराचे नाव. तेथे प्रेक्षक पाहणाराच होता. रहस्याच्या खेळात तो मध्ये तोंड घालतो, आणि त्याने तोंड घातले की नटाचे काम पार पालटते.

नाटकातल्या नटाला पुढचे वाक्य ठाऊक असते. येथे वाक्य पाठ नसते, माणूस पाठ असतो. त्या रात्री दहा वाजता आपण कुठे होतो, कुणाचे देणे आहे, काय लपवायचे आणि कुठला कागद समोर आला म्हणजे कबूल करायचे, एवढे त्याला पक्के सांगितलेले असते. बाकी सगळा हजरजबाबीपणा. तमाशातला सोंगाड्या दुसरे काय करीत आला? वगाची गोष्ट ठरलेली, बोलणे मात्र ऐन वेळचे. मागून कुणी शेरा मारला तर तो झेलायचा, परतवायचा आणि तरीही गोष्ट वाटेवर ठेवायची. नाव मिळविलेल्या कित्येक नटांची येथे त्रेधा उडेल असे आम्हांस वाटते.

आता आमची फजिती. पुण्यात नोकरीला असलेला आमचा भाचा २०२१ च्या उन्हाळ्यात शहागडला येऊन अडकला होता. त्याने आम्हांला अशा एका खेळात ओढले. खेळ हिंदीत होता. संशयित चार: मालकाचा मुलगा, वकील, डॉक्टर आणि ड्रायव्हर. ड्रायव्हरच्या सांगण्यात वेळा जुळेनात. आम्ही पंचवीस वर्षे खातेचौकशीत कामगारांच्या बाजूने उलटतपासणी केलेली; ती सगळी तालीम त्या बिचाऱ्यावर चालविली. तो चाचरला, मग गप्प झाला. आमच्या गटात कॉलेजातली एक मुलगी होती. तिने हळूच विचारले, “काका, त्या रात्री तुम्ही जेवलात तरी का?” तो काही सांगणार, तोच वेळ कमी आहे म्हणून आम्ही तिला थांबविले आणि ड्रायव्हरचे नाव देऊन मोकळे झालो.

खुनी वकील निघाला. तो आमच्याशी फार गोड बोलला होता. ड्रायव्हरने बायकोला दवाखान्यात नेण्यासाठी मालकाची गाडी न विचारता नेली होती. खरे सांगावे तर नोकरी जाणार. भाचा हसत म्हणाला, “मामा, तुम्ही युनियनवाले ना?”

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. कारण एका कारखान्यातील चौकशीत आम्ही एका साक्षीदाराला असेच दरडावले होते. तो बिथरून गप्प बसला, आणि ज्याच्यासाठी आम्ही लढत होतो तो कामावरून गेला. त्या साक्षीदाराला सगळे ठाऊक होते हे पुढे आठ वर्षांनी कळले. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या १९६७ च्या नाटकात वेळ घालविण्यासाठी मांडलेला खोटा खटला बघता बघता एका बाईच्या जिवावर उठतो. ते नाटक आम्ही पूर्वी पाहिले होते आणि त्यातील मंडळींना नावेही ठेवली होती.

खेळ संपल्यावर तो ड्रायव्हर झालेला नट थोडा वेळ थांबला. दिवसाला तीन खेळ, पैसे खेळागणिक, आणि इंटरनेट तुटले तर त्या खेळाचे पैसे नाहीत, असे तो म्हणाला. इंटरनेट त्याचे, घर त्याचे, दिवा त्याचा. अशा माणसाची हजेरी कुठल्या पटावर लावायची, हे आमच्या चळवळीला अजून सुचलेले नाही.

गेल्या दिवाळीत शहागडच्या पोरांसाठी आम्ही मराठीत एक प्रकरण रचले. उसाच्या वजनकाट्यावरची नोंदवही गहाळ झाली आहे. काटा-कारकून, ट्रॅक्टरवाला आणि टोळीचा मुकादम असे तिघे संशयित. मुकादम होते आमचे एक जुने स्नेही, नदीपलीकडे गेवराईला आपल्या घरी फोन धरून बसलेले. वीज दोनदा गेली. पोरांनी मुकादमाला अर्धा तास पिळले, त्याच्या उचलीचा हिशेब काढला, आणि शेवटी नाव सांगितले ट्रॅक्टरवाल्याचे. ते चुकले होते. पोरे पुन्हा खेळू म्हणतात. आम्ही दुसरे प्रकरण लिहावयास घेतले आहे.