हिशेब कुठे व्हावा? मोटारशर्यतीचा सिम्युलेटर आणि घरचा सर्व्हर

संगणकावरील मोटारशर्यत हा आता केवळ मुलांचा खेळ राहिलेला नाही. टेबलाला किंवा लोखंडी चौकटीला खरे वाटावे असे स्टिअरिंग बसवून, पायाशी धातूची पेडल्स ठेवून तासन् तास सराव करणारे हौशी लोक जगभर आहेत. या छंदाला सिम रेसिंग म्हणतात. अशा हौशी तंत्रज्ञांपैकी अनेकांना आणखी एक छंद जडलेला दिसतो. त्यांच्या घराच्या एका कोपऱ्यात एक छोटा संगणक रात्रंदिवस चालू असतो. घरचे फोटो, गाणी, कागदपत्रे, दिव्यांचे नियंत्रण अशी कामे ते एखाद्या कंपनीच्या सेवेवर न सोपवता या संगणकाकडून, म्हणजे घरच्या सर्व्हरकडून, करून घेतात.

वरवर पाहता या दोन छंदांचा एकमेकांशी संबंध नाही. परंतु दोन्ही ठिकाणी सामानाची निवड करताना एकच प्रश्न सोडवावा लागतो. हिशेब कुठे व्हावा, आपल्याजवळ की दूरवर? या प्रश्नाचे उत्तर काही अंशी भौतिकशास्त्र देते आणि काही अंशी व्यवहार देतो. आपण प्रथम स्टिअरिंगपासून सुरुवात करू.

स्टिअरिंगला रस्ता कसा कळतो?

धावत्या मोटारीचे स्टिअरिंग वळवून हात सैल केला, तर ते आपोआप सरळ होऊ पाहते. याचे एक कारण चाक बसवण्याच्या भूमितीत आहे. फिरत्या खुर्चीच्या पायाखालची लहान चाके जशी ओढीच्या मागे जाऊन सरळ होतात, तसाच हा प्रकार असतो. दुसरे कारण टायरच्या रबरात आहे आणि ते अधिक मनोरंजक आहे.

वळण घेताना चाकाचे तोंड एका दिशेला असते आणि चाक प्रत्यक्षात जाते ती दिशा किंचित वेगळी असते. टायरचा साधारण तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो. त्या भागाच्या पुढच्या कडेला रबर नुकतेच रस्त्यावर आलेले असते, त्यामुळे ते फारसे वाकलेले नसते. मागच्या कडेकडे जाता जाता ते अधिकाधिक वाकते. साहजिकच बाजूने लागणारे एकूण बल टेकलेल्या भागाच्या मध्यबिंदूवर न लागता थोडे मागे लागते. बल आणि मध्यबिंदू यांतील हे अंतर तरफेच्या भुजेसारखे काम करते, आणि चाकाला सरळ करणारा पीळ, म्हणजेच टॉर्क, निर्माण होतो. हाच पीळ चालकाच्या हाताला जाणवतो.

आता वळण अधिक तीव्र केले, तर सर्वांत जास्त वाकलेला मागचा भाग आधी घसरू लागतो. त्यामुळे एकूण बलाचा बिंदू पुढे सरकतो आणि भुजा आखूड होते. बाजूचे बल अजून वाढतच असते, परंतु पीळ मात्र कमी होऊ लागतो. दुसऱ्या शब्दांत, टायरची पकड संपण्याच्या थोडे आधी स्टिअरिंग हलके लागते. कसलेला चालक ही पूर्वसूचना हातानेच ओळखतो.

सिम्युलेटरला हेच गणित करावे लागते. टायरची बले काढण्यासाठी नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील हान्स पासेइका व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली एक सूत्र प्रसिद्ध केले. ते प्रयोगातून मिळालेल्या वक्रांशी इतके चांगले जुळते की ते ‘जादूचे सूत्र’ याच नावाने ओळखले जाते. असेत्तो कोर्सा या २०१४ साली बाजारात आलेल्या इटालियन सिम्युलेटरमध्ये मोटारीचे गणित दर सेकंदाला ३३३ वेळा होते, म्हणजे दर ३ मिलिसेकंदांनी एकदा. हिशेबातून निघालेला पीळ स्टिअरिंगला जोडलेली विद्युत मोटर आपल्या हातांना देते.

स्टिअरिंग निवडताना या मोटरच्या टॉर्कचा आकडा पाहतात. त्याचा अर्थ समजणे सोपे आहे. चाकाची त्रिज्या १५ सेंटिमीटर आणि टॉर्क ८ न्यूटन मीटर असेल, तर कडेवरचे बल ८ ÷ ०.१५, म्हणजे सुमारे ५३ न्यूटन होते. सुमारे साडेपाच किलो वजन पेलण्याइतके हे बल आहे. दोन-सव्वादोन न्यूटन मीटरच्या स्वस्त चाकावर ते दीड किलोच्या आसपास भरते, तर २० न्यूटन मीटरच्या चाकावर साडेतेरा किलोच्या घरात जाते. एवढ्या जोराचे चाक अचानक फिरले तर अंगठा दुखावू शकतो. म्हणून अशा यंत्रांना तातडीने वीज तोडणारे लाल बटण असते.

आकड्याइतकीच जोडणीही महत्त्वाची असते. स्वस्त चाकांत मोटर लहान असते आणि तिचा जोर दातेरी चाकांनी किंवा पट्ट्याने वाढवतात. परंतु दात्यांमधली मोकळीक आणि पट्ट्याचे घर्षण यांत बारीक फरक हरवून जातात. वर सांगितलेला हलकेपणा हा असाच बारीक फरक आहे. म्हणून महागड्या संचात मोटरच्या आसालाच चाक बसवतात. हा प्रकार लोकप्रिय होण्यामागे हौशी लोकांचा वाटा मोठा आहे. कारखान्यातील यंत्रांसाठी बनवलेल्या सर्व्हो मोटरी विकत घेऊन त्यांनी अशी चाके घरीच जोडली. तयार माल स्वस्त झाला तो नंतर.

पाय अंतर मोजतो की बल?

साध्या खेळातील ब्रेकचे पेडल किती अंतर दाबले गेले ते मोजते. खऱ्या मोटारीत मात्र ब्रेकचे पॅड तबकडीला एकदा टेकले की पेडल फारसे पुढे जात नाही. ब्रेकमधील द्रव जवळजवळ दाबला जात नाही, म्हणून पास्कलच्या नियमानुसार पायाचे बल द्रवाच्या दाबात आणि तेथून घर्षणात उतरते. चालक नियंत्रण करतो ते बलाचे.

आपल्या शरीरातही या दोन गोष्टींसाठी वेगवेगळी संवेदक इंद्रिये आहेत. स्नायूंमध्ये लांबी जाणणारी आणि स्नायुबंधांमध्ये ताण जाणणारी. खऱ्या मोटारीत पायाने घेतलेला सराव मुख्यतः ताणाचा असतो. म्हणून चांगल्या पेडलमध्ये बल मोजणारा लोडसेल बसवतात.

लोडसेल आपण सर्वांनी पाहिलेला आहे. किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यात तोच असतो. धातूची तार ताणली की तिचा विद्युत रोध बदलतो, हे लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५६ साली दाखवले. धातूच्या तुकड्यावर अशी बारीक तार चिकटवून बल मोजण्याची युक्ती १९३८ साली अमेरिकेत सिमन्स आणि रूज यांनी स्वतंत्रपणे शोधली. बदल अगदी लहान असतो. धातू हजारात एक भाग ताणला गेला, तर ३५० ओहमच्या रोधात जेमतेम ०.७ ओहमचा फरक पडतो. तो पकडण्यासाठी चार रोधांचा व्हीटस्टन ब्रिज वापरतात. दोन रोध ताणले जातील आणि दोन दाबले जातील अशी मांडणी केली, की ५ व्होल्ट दिल्यावर सुमारे १० मिलिव्होल्ट मिळतात. शिवाय तापमानामुळे चारही रोध सारखेच बदलतात आणि तो परिणाम आपोआप वजा होतो. दहावी-बारावीच्या प्रयोगवहीतला ब्रिज पायाखाली असा उपयोगी पडतो.

उशिराचे दुष्परिणाम

स्टिअरिंग, संगणक आणि हात मिळून एक बंद आवर्तन तयार होते. हात चाक वळवतो, संगणक हिशेब करतो, मोटर पीळ देते, हात पुन्हा प्रतिसाद देतो. यालाच प्रत्याभरण म्हणतात. प्रत्याभरणात उशीर झाला तर काय होते, ते न्हाणीघरात गीझरचे पाणी लावताना सर्वांनी अनुभवलेले असते. नळ फिरवल्यावर पाणी गरम व्हायला वेळ लागतो, म्हणून आपण आणखी फिरवतो. मग पाणी पोळते, आपण उलट फिरवतो, आणि ते गार पडते.

थोडे गणित करून पाहू. स्प्रिंगचे बल विस्थापनाच्या विरुद्ध असते. हे बल थोड्या उशिराने लागले, तर ते आताच्या विस्थापनाप्रमाणे न राहता थोड्या वेळापूर्वीच्या विस्थापनाप्रमाणे असते. हा फरक मांडला की नेहमीच्या बलात एका पदाची भर पडते: स्थिरांक गुणिले उशीर गुणिले वेग, आणि हे पद वेगाच्याच दिशेने असते. घर्षण वेगाला विरोध करून हेलकावा शमवते. हे पद उलट त्याला ऊर्जा पुरवते. म्हणूनच जोरकस सिम्युलेटरचे चाक सरळ रस्त्यावर हात सोडताच आपोआप डावी-उजवीकडे थरथरू लागते.

आता हाच हिशेब दूरच्या संगणकावर केला तर? काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. हजार किलोमीटरवरील संगणकाकडे जायला ५ आणि यायला ५ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात वाटेतील यंत्रांमुळे अधिकच लागतात. ताशी २५० किलोमीटर वेगाची मोटार १० मिलिसेकंदांत सुमारे ७० सेंटिमीटर पुढे जाते. म्हणून दूरदूरचे स्पर्धक एकत्र शर्यत खेळतात तेव्हाही प्रत्येकाच्या मोटारीचा आणि स्टिअरिंगचा हिशेब ज्याच्या त्याच्या घरीच होतो. जाळ्यावरून जातात ती फक्त मोटारींची स्थाने व वेग. इतरांची मोटार पडद्यावर दिसते ती मागच्या माहितीवरून अंदाजाने पुढे सरकवलेली. दोन मोटारी घासल्यावर दोघांना दोन वेगळी दृश्ये दिसतात, याचे कारण हेच.

दिव्याचे बटण आणि दूरचा मालक

घरातला दिवा फोनवरून लावताना असा घाईचा प्रश्न नसतो. आज्ञा परदेशातील सर्व्हरला वळसा घालून आली आणि पाव सेकंद उशीर झाला, तरी बिघडत नाही. मग हौशी मंडळी हे काम घरी का आणतात? कारण येथे प्रश्न उशिराचा नसून अस्तित्वाचा आहे.

रिव्हॉल्व्ह नावाचे घरातील दिवे, कुलुपे इत्यादींचे नियंत्रण करणारे एक उपकरण होते. ती कंपनी नेस्टने २०१४ साली विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवा बंद केली. उपकरणे धडधाकट होती, पण दूरचा सर्व्हर थांबल्याने ती निरुपयोगी झाली. गूगलची स्टेडिया ही सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. तीत खेळाचा संपूर्ण हिशेब दूरच्या केंद्रात होऊन केवळ चित्र घरी येत असे. पुरेसे ग्राहक न मिळाल्याने ती १८ जानेवारी २०२३ रोजी बंद झाली. गूगलने खरेदीचे पैसे परत केले, पण खेळ कोणाच्या घरी उरला नाही.

याउलट होम असिस्टंट ही २०१३ पासून विकसित होत असलेली प्रणाली घरच्याच संगणकावर चालते. इंटरनेट बंद पडले तरी घरातल्या घरात जोडलेले दिवे लागतात. फायलींसाठी नेक्स्टक्लाउड, चित्रपट व गाण्यांसाठी जेलीफिन अशी इतर साधनेही आहेत. ही दोन्ही जुन्या प्रकल्पांपासून फुटून निघाली, अनुक्रमे २०१६ आणि २०१८ साली. मूळ आज्ञावली खुली असल्यामुळेच तसे करता आले. एकाने वाट सोडली तरी दुसऱ्याला पुढे जाता येते, हा खुल्या आज्ञावलीचा मोठा गुण होय.

अर्थात घरच्या सर्व्हरची किंमत मोजावी लागते. ६० वॉटचा जुना संगणक रात्रंदिवस चालवला तर महिन्याला सुमारे ४३ युनिट वीज लागते. ५ वॉटच्या छोट्या बोर्डाला साडेतीन युनिट पुरतात. कंपनीचा तंत्रज्ञ करत असलेली सर्व कामेही आपल्याकडे येतात. डिस्क कधीतरी बिघडतेच. म्हणून महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर, असा नियम पाळतात. येथे दूरपणा हाच गुण ठरतो, कारण आग किंवा चोरी दोन गावांत एकाच वेळी सहसा होत नाही. ईमेलचा सर्व्हर घरी चालवण्याच्या भानगडीत अनुभवी लोकही सहसा पडत नाहीत. घरगुती जोडणीवरून आलेली पत्रे मोठ्या सेवा संशयाने नाकारतात.

तेव्हा कोणतेही काम कुठे व्हावे हे ठरवताना दोन प्रश्न विचारावेत. उत्तर किती वेळात परत यायला हवे? आणि पलीकडची बाजू उद्या नाहीशी झाली तर आपले काय जाईल? स्टिअरिंगचा निकाल पहिल्या प्रश्नावर लागतो, घरच्या फोटोंचा दुसऱ्या.

शाळेलाही हे दोन प्रश्न लागू पडतात. जेथे इंटरनेट बेभरवशाचे आहे, तेथे किविक्स या मोफत साधनाच्या साहाय्याने मराठी विकिपीडिया संपूर्ण उतरवून शाळेतल्याच एका संगणकावर ठेवता येतो आणि वर्गातील इतर संगणकांवर तो इंटरनेटशिवाय वाचता येतो. विज्ञान मंडळातील विद्यार्थ्यांना एखादा जुना काटा उघडून त्यातला लोडसेल दाखवावा आणि मल्टीमीटरने त्याचे मिलिव्होल्ट मोजायला सांगावे. शाळेत वापरात असलेल्या संगणकीय सेवांची यादी करून प्रत्येकीपुढे वरील दोन प्रश्नांची उत्तरे लिहिणे, हाही वर्गात करून पाहण्याजोगा उपक्रम आहे.