खत-औषधांना कुलूप हवे



आडसाली लागण ऐन पावसाळ्यात येते. उसाला नत्र एकदम देत नाहीत, हप्त्याहप्त्याने देतात. त्यामुळे मोठ्या बांधणीपर्यंत खताच्या गोण्या आणि औषधाचे डबे आपल्या घरीच पडून राहतात. हा माल कसा ठेवावा, ते येथे थोडक्यात सांगत आहोत.

प्रथम खत. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत सुमारे 20 किलो 700 ग्रॅम नत्र असते. युरिया हवेतला ओलावा ओढतो आणि त्याची ढेकळे होतात. म्हणून गोण्या उघड्या जमिनीवर टाकू नयेत. खाली फळ्या घालून, भिंतीपासून हातभर अंतर सोडून थप्पी लावावी. फोडलेल्या गोणीचे तोंड सुतळीने घट्ट बांधावे. जवळ चुना ठेवू नये. अमोनियम सल्फेटला चुना लागला की नत्र वायू होऊन उडून जाते. म्हणजे आपला पैसाच हवेत गेला!

गोठ्यात तर गोणी नकोच. युरिया चाटल्याने जनावराचे पोट फुगते आणि ते थोड्याच वेळात दगावू शकते. ज्या बादलीत युरिया कालवला, तिच्यात गुरांना पाणी पाजू नका.

औषधांना याहून जपावे लागते. डब्यावरच्या चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. पण हिरवा म्हणजे निर्धोक, असे समजू नका.

16 जुलै 2013 रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात एका गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून 23 मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. शेतातले विष चुलीपर्यंत पोचले की काय होते, ते यावरून कळावे. म्हणून एवढे पाळाच :

1. औषध मूळ डब्यातच, चिठ्ठीसह ठेवा. उरलेले औषध सरबताच्या वा पाण्याच्या बाटलीत ओतू नका. तहानलेले पोर बाटली बघते, आतला माल बघत नाही.

2. स्वयंपाकघर, झोपायची खोली, धान्य आणि वैरण यांपासून दूर, कुलपाच्या पेटीत ठेवा. भुकटी वरच्या फळीवर, पातळ औषध खाली. म्हणजे गळले तरी भुकटी खराब होत नाही.

3. टू-फोर-डीसारखे तणनाशक बियाण्याजवळ ठेवू नका.

4. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपात घाला. डबा भोके पाडून निकामी करा. तेला-धान्याला तो कधीही वापरू नका.

कुणाच्या पोटात औषध गेलेच, तर घरगुती उपाय करीत बसू नका. मनाने उलटी करवू नका. 108 ला फोन करा आणि औषधाचा डबा डॉक्टरांकडे सोबत न्या. उतारा कोणता द्यायचा, ते त्या चिठ्ठीवरून डॉक्टरांना कळते.

लागणीची धांदल सुरू होण्याआधी घरातला माळा, पडवी आणि गोठा एकदा नजरेखालून घाला. पेटीला कुलूप लावा आणि किल्ली पोरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.