दूरचित्रवाणीतील व्यत्यय : लक्षण आणि कारण

एकच लक्षण अनेक कारणांमुळे उद्भवू लागले, म्हणजे केवळ लक्षणावरून निदान करता येत नाही. तेथे पद्धतीचा आश्रय घ्यावा लागतो. छपरावरील अँटेनाने ग्रहण केलेल्या दूरचित्रवाणीच्या चित्रात घरगुती विद्युत्-उपकरणांमुळे येणारा व्यत्यय हे याचे उत्तम उदाहरण होय.

अ‍ॅनालॉग प्रक्षेपणाच्या काळी बिघाडाचे रूपच कारण सुचवीत असे. मुंबई केंद्र १९७२ साली सुरू झाले. पुढे घरोघरी संच आले, तेव्हा मिक्सर फिरू लागताच पडद्यावर ठिपक्यांच्या रांगा उमटत. त्या मोटारीतील ठिणग्यांच्या निदर्शक होत. संकेत क्षीण असल्यास चित्रभर मुंग्या दिसत. लहरी परावर्तित झाल्यास चित्रालगत दुसरे फिकट चित्र उमटे. डिजिटल प्रक्षेपणात हा भेद मावळला आहे. त्रुटी-दुरुस्तीची योजना एका मर्यादेपर्यंत चित्र निर्दोष राखते. ती मर्यादा ओलांडताच चित्राचे चौकोन होतात, ते थिजते किंवा नाहीसे होते; मग कारण कोणतेही असो.

आज या व्यत्ययाचा उगम बहुधा एलईडी दिवे, चार्जर अशा उपकरणांत आढळतो. त्यांतील मंडल विद्युत्-प्रवाहाची सेकंदास हजारो वेळा उघडझाप करते. तीमधून मूळ वारंवारतेच्या कितीतरी पटींनी उच्च अशा लहरी निर्माण होतात. त्यांना अडविणारी गाळणी निकृष्ट असल्यास त्या तारांवाटे किंवा हवेतून अँटेनापर्यंत पोहोचतात.

शोधाची रीत साधी आहे. प्रथम बिघाडाची वेळ व बाधित वाहिन्या टिपाव्यात. मग एका वेळी एकच उपकरण बंद करावे आणि पुन्हा चालू करावे. बिघाड प्रत्येक वेळी जाऊन परत आला, तरच ते उपकरण दोषी मानावे. बॅटरीवरील रेडिओ मध्यम लहरींवरील रिकाम्या जागी लावून उपकरणांजवळ नेल्यास खरखर वाढते, व संशयाचे क्षेत्र आकुंचित होते. घराचा मुख्य स्विच बंद करूनही ती टिकली, तर तिचा उगम घराबाहेर शोधावा.

वेळेच्या नोंदीचे मोल वेल्समधील अबरहोसन या खेड्यात दिसून आले. तेथे दूरचित्रवाणी-संच पीडित नसून स्वतःच दोषी होता. दररोज सकाळी ७ वाजता गावाची ब्रॉडबँड सेवा कोलमडे. दीड वर्ष हा त्रास चालला. केबल बदलूनही गुण आला नाही. अखेर अभियंत्यांनी वर्णपट-विश्लेषक घेऊन पहाटेपासून गाव धुंडाळले. ठीक ७ वाजता व्यत्यय प्रकटला आणि त्याचा माग एका घरातील जुन्या संचापाशी संपला. संच कायमचा बंद होताच सेवा सुरळीत झाली. २०२० साली ही हकीकत प्रसिद्ध झाली.

दोषी उपकरण सापडल्यावर ते बदलावे, अँटेनापासून दूर न्यावे किंवा त्याच्या तारेवर फेराइटचे कडे बसवावे. अँटेनाची केबलही उत्तम आवरणाची असावी. निदानापूर्वीच वर्धक बसविणे मात्र व्यर्थ ठरते. कारण अँटेनाने व्यत्यय ग्रहण केला असल्यास वर्धक संकेताबरोबर त्यालाही वाढवितो.