उरलेल्या खमिराचे काय करावे?



कामगार चळवळीतला माणूस वसंत व्याख्यानमालेत उभा राहिला, की तो पगार, बोनस आणि संप यांखेरीज दुसरे काही बोलणार नाही, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही एका खाद्यपदार्थाविषयी बोलणार आहोत. तरीही बोलता बोलता कामगारापाशी येऊन पोचणार आहोत, हे आधीच सांगून ठेवतो. पावाची गोष्ट सांगायची आणि पाव भाजणाऱ्याचे नाव घ्यायचे नाही, हे आमच्याच्याने होणार नाही.

प्रथम खमीर म्हणजे काय ते पाहू. गव्हाचे पीठ आणि पाणी सारख्या वजनाने कालवून ठेवले आणि रोज त्यात थोडे ताजे पीठ-पाणी घालत गेले, की काही दिवसांनी ते आंबते, त्यावर बुडबुडे येतात आणि आंबूस वास सुटतो. आपल्या घरात दह्याला विरजण असते, तसे हे पावाचे विरजण. त्यात दोन जातींचे सूक्ष्म जीव एकत्र नांदतात. यीस्ट मुख्यतः वायू निर्माण करते, त्याने पीठ फुगते. दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद असलेले दुसरे जिवाणू आम्ल तयार करतात, त्याने आंबटपणा येतो आणि पाव लवकर बुरसत नाही. दूध आंबते ते सजीवांच्या व्यापारामुळे, हे फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी १८५७ साली मांडले. त्याआधी हजारो वर्षे लोक कारण न कळता हेच काम बिनचूक करीत आले होते.

अमेरिकेत या खमिराचे नाव सॅनफ्रान्सिस्कोशी जोडले गेले. १८४९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात सोन्यासाठी माणसांची झुंबड उडाली आणि त्या गर्दीला तिथल्या भट्ट्यांतला आंबट पाव मिळू लागला. पुढे १८९६ नंतर उत्तरेकडे क्लोंडाइकच्या थंडीत सोने शोधणारे लोक खमिराचे भांडे जिवापाड जपत. तिथे मुरलेल्या जुन्या माणसाला 'सावरडो' म्हणजे 'आंबट पीठ' असेच नाव पडले. १९७१ साली क्लाइन आणि सुगिहारा या शास्त्रज्ञांनी त्या शहराच्या खमिरातला एक जिवाणू वेगळा करून त्याला शहराचेच नाव दिले. नंतर तोच जिवाणू युरोपातल्या खमिरांतही सापडला. नाव एका गावाचे मिळाले म्हणून जीव एका गावाचा होत नाही.

आता उरलेल्या खमिराचा हिशेब करू. समजा, आपल्यापाशी ५० ग्रॅम खमीर आहे. त्याला ५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम पाणी घातले, की झाले १५० ग्रॅम. काही काढून न टाकता याच प्रमाणात रोज घालत गेलो, तर दुसऱ्या दिवशी ४५० ग्रॅम, तिसऱ्या दिवशी १३५०, चौथ्या दिवशी चार किलो आणि पाचव्या दिवशी बारा किलोंच्या वर. घरात माणसे राहतील की खमीर, असा प्रश्न उभा राहील. म्हणून रोज १०० ग्रॅम काढून ५० ग्रॅमच ठेवावे लागते. या काढलेल्या १०० ग्रॅममध्ये निम्मे पीठ असते. म्हणजे रोज पोसणाऱ्याच्या घरून महिन्याला दीड किलो गव्हाचे पीठ मोरीत जाते. २०२० साली टाळेबंदीत बाजारात यीस्ट मिळेनासे झाले, तेव्हा जगभर घरोघरी लोकांनी खमिराची भांडी मांडली आणि हा प्रश्नही त्यांच्या स्वयंपाकघरात आला. दीड किलो पीठ म्हणजे एखाद्या घरची कित्येक दिवसांची पोळी, हे रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्याला समजावून सांगावे लागत नाही. आंबट झालेले ताक आपल्या आयाबाया ओतून देत नसत, त्याची कढी करीत. खमिराची कढी कोणती, एवढाच प्रश्न आहे.

त्याचे एक चांगले उत्तर अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातून येते. तिथे भट्टीत फुगवलेला अंड्याचा एक पॅनकेक करतात, त्याला 'डच बेबी' म्हणतात. सिएटल शहरात मांका कुटुंबाचा एक कॅफे होता, तिथे हे नाव रूढ झाले असे सांगतात. पदार्थ मुळात जर्मन वळणाचा. जर्मन भाषेतल्या 'डॉइच' या शब्दाचे बोबडे रूप 'डच' झाले, अशी नावाची कथा आहे. हॉलंडशी त्याचा संबंध नाही. इंग्लंडातले यॉर्कशायर पुडिंग याच कुळातले.

नेहमीच्या कृतीत तीन अंडी, ६० ग्रॅम मैदा आणि १२० मिलिलिटर दूध असते. आता पाहा, १२० ग्रॅम खमिरात ६० ग्रॅम पीठ आणि ६० ग्रॅम पाणी असते. पीठ पुरते आले, पातळपणाही निम्मा आला. उरले फक्त ६० मिलिलिटर दूध. म्हणून प्रमाण असे धरावे: तीन अंडी, १२० ग्रॅम उरलेले खमीर, ६० मिलिलिटर दूध, चिमूटभर मीठ आणि ४० ग्रॅम लोणी. खमीर घट्ट असेल तर दूध थोडे वाढवावे. मिश्रण घावनाच्या पिठाइतके पातळ हवे.

सुमारे दहा इंच रुंदीचा, खोलगट, बिडाचा तवा घ्यावा. मूठ लाकडाची किंवा प्लॅस्टिकची नसावी. तवा ओव्हनमध्ये ठेवून ओव्हन २२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा. तोवर अंडी, दूध, खमीर आणि मीठ गुठळी न राहील असे घुसळावे. तवा चांगला तापला की लोणी टाकून कडांपर्यंत फिरवावे, लगेच मिश्रण ओतावे आणि दार लावावे. अठरा ते वीस मिनिटे दार उघडू नये. घरच्या लहान ओव्हनमध्ये तवा खालच्या खणात ठेवावा, नाही तर फुगलेला पदार्थ वरच्या तारेला टेकून करपतो. कडा तव्याबाहेर चढून तांबूस झाल्या म्हणजे काढावा. तिकडे वर लिंबू पिळून पिठीसाखर भुरभुरतात. आपल्याकडे मिरपूड आणि कोथिंबीरही चालेल.

हा पदार्थ फुगतो कशाने? खमीर घातले आहे म्हणून यीस्टने फुगला, असे कोणालाही वाटेल, पण तसे नाही. यीस्टला पीठ फुगवायला काही तास लागतात आणि ६० अंशांच्या आसपास ते मरून जाते. इथे काम करते ती वाफ. पाणी उकळून वाफ झाले की सुमारे सोळाशे पट जागा मागते. तापलेल्या बिडाला टेकलेल्या मिश्रणात ही वाफ एकदम उत्पन्न होते आणि वरचा थर उचलते. त्याच वेळी अंड्यातली प्रथिने उष्णतेने गोठून भिंती उभ्या करतात. कडेचे मिश्रण तव्याच्या भिंतीकडूनही तापते, म्हणून कडा आधी चढतात. तवा थंड असेल तर वाफ सावकाश बनते, भिंती आधी गोठतात आणि पदार्थ चपटा राहतो. दार मध्येच उघडले तर ओव्हनची उष्णता जाते आणि भिंती कच्च्या असतानाच बसतात. बाहेर काढल्यावर मात्र दोन मिनिटांत तो खाली बसतोच, कारण वाफ निवते. त्यात करणाऱ्याचा दोष नाही. खाणारी माणसे आधी बसवावीत आणि पदार्थ नंतर काढावा, एवढा नियम पाळावा. अंडी वगळली तर भिंतीच राहत नाहीत. अंडी न खाणाऱ्यांनी हेच खमीर डाळीच्या पिठात मिसळून धिरडी घालावीत.

मग खमीर इथे काय करते? जुन्या खमिरातली ताकद गेलेली असते. आम्लाने आणि पिठातल्याच विकरांनी गव्हाचा चिकटपणा तुटतो, म्हणून त्याचा पाव नीट फुगत नाही. इथे तो भार अंड्यांनी आणि वाफेने उचलला, म्हणून त्या ताकदीची गरज उरली नाही. त्याची चव मात्र शाबूत असते आणि ती पदार्थाला मिळते. एका कामाला नालायक ठरलेले दुसऱ्या कामाला पुरते, पण ते दुसरे काम शोधावे लागते. सावधगिरी एकच: खमिरावर बुरशी आली किंवा गुलाबी, नारिंगी झाक दिसली तर ते सरळ फेकावे. कच्चे मिश्रण चाखू नये.

आता आमच्या वाटेवर येतो. घरात आपण हौसेने खमीर पोसतो, पण धंद्याच्या भट्टीत ते वेळेवर पोसायला माणूस रात्री जागा लागतो. सकाळी पाव गरम हवा, म्हणून भट्टीवाल्याची रात्र जाते. १८६८ साली फ्लाइशमन बंधूंनी सिनसिनाटीत घट्ट दाबलेले यीस्ट बाजारासाठी बनवायला सुरुवात केली. त्याने पीठ लवकर फुगू लागले, पण कामगाराचे तास आपोआप कमी झाले नाहीत. ते कायद्याने कमी करावे लागतात. न्यूयॉर्क राज्याने १८९५ साली भट्टी कामगारांना दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ तासांची मर्यादा घातली. १९०५ साली लॉकनर या भट्टीमालकाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती रद्द केली. साठ तासांहून अधिक राबण्याचा करार करणे हे कामगाराचे स्वातंत्र्य आहे, असा त्याचा अर्थ झाला! ही विचारसरणी मोडली ती १९३७ साली, एल्सी पॅरिश या हॉटेलात खोल्या झाडणाऱ्या बाईंच्या किमान वेतनाच्या खटल्यात. हे हॉटेल वॉशिंग्टन राज्यातले, म्हणजे ज्या राज्यात सिएटल आहे त्याच राज्यातले. मधल्या काळात, १९२५ साली, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने भट्ट्यांतल्या रात्रपाळीविरुद्ध ठराव संमत केला होता.

तास कमी झाले तरी धूळ राहते. पिठाची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेल्याने भट्टी कामगारांना दमा होतो, हे वैद्यकाला चांगले ठाऊक आहे. गोव्यात पहाटे सायकलचा भोंगा वाजवीत पोदेर येतो. एके काळी तिथला पाव माडाच्या सुरेने आंबवीत. त्या भोंग्यामागे भट्टीपाशी जागलेली माणसे असतात. आपल्या गावच्या बेकरीतही आहेत.

तेव्हा श्रोतेहो, उरलेले खमीर टाकू नका, त्याचा पॅनकेक करा आणि गरम असतानाच वाटून खा. आणि उद्या सकाळी पाव आणायला जाल, तेव्हा भट्टीवरच्या माणसाला एवढे विचारा: कामावर किती वाजता आलात आणि घरी किती वाजता जाणार? उत्तर ऐकून वाईट वाटले, तर पुढचे काम आमच्यासारख्यांचे आहे. त्यात तुमची साथ असली तर ते लवकर होईल.